साध्या पाण्याची ग्रीटिंगं

आमच्या घरात पाण्याच्या दोन जाती होत्या आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. एक साधं पाणी, म्हणजे मागल्या अंगणातल्या बावीचं. विहिरीला आमच्या नवापुरात बाव म्हणतात. भांडी, कपडे, अंघोळ, मावरं म्हणजे मासळी धुणं, सगळं त्याच्यावर. बाव खाडीच्या बाजूला, त्यामुळे पावसाचे चार महिने सोडले तर पाणी मचूळ, आणि दिवाळी उलटली की चूळ भरतानासुद्धा तोंड वाकडं व्हायचं. दुसरं गोडं पाणी. ते आय पहाटे उठून गावाच्या वरच्या अंगाच्या एका नारळाच्या वाडीतून आणायची, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, रोज दोन खेपा. ते फक्त पिण्याचं आणि भाताच्या आधणाचं. त्या हंड्यावर ताट, ताटावर तांब्या आणि तांब्यावर आयची नजर. तांब्या जरा वाजला की ती बाहेरून ओरडायची, "कोन गं ती? काय सांडतेस?" आता माझ्या घरी नळाला दिवसभर पाणी असतं आणि माझी नात दात घासताना तो नळ तसाच सोडून देते. एकदा मी तिच्यावर अशी खेकसले की सूनबाई दोन दिवस माझ्याशी घुश्शात होती.

घर कौलारू, खाडीला पाठ केलेलं. पुढच्या अंगणापलीकडे बांबूच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या दांड्या. थंडी पडली की आमच्या सगळ्यांचा जीव त्या वलांड्यांवर टांगलेला. ओला बोंबील हातात घ्यायचा, दुसऱ्याच्या जबड्यात त्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दांडीवर टाकायची. अशा शेकडो जोड्या. बोटांना बारीक दात लागून लागून सालपटं निघायची आणि वरून मिठाचा वारा. बोट लागली की इंजिनाची टकटक घरात ऐकू यायची आणि आय हातातलं टाकून किनाऱ्याकडे सुटायची. दुपारी तांदळाची भाकरी, बोंबलाचं लालभडक कालवण, कधी जवळ्याची चटणी. बापूस जेवताना बोलायचा नाही, पण जेवून उठताना एक वाक्य टाकायचा आणि तेच घरात चालायचं. मी तेव्हा नववीत होते. थोरल्या बहिणीचं लग्न झालेलं, त्यामुळे घरातल्या कामाचे दोन हात कमी आणि त्या दोन हातांचा हिशेब माझ्याकडून वसूल व्हायचा.

आय वीजकेंद्राच्या कॉलनीत दारोदार मासळी विकायची. रविवारी साहेब लोक घरी, म्हणून रविवारी पाटी मोठी, आणि दुसरी लहान पाटी माझ्या डोक्यावर. मला त्या कॉलनीत जायला आवडायचं आणि अजिबात आवडायचं नाही. रस्ते गुळगुळीत, झाडांना चुना लावलेला, कुत्रीसुद्धा सभ्य. पण माझ्या वर्गातल्या दोन मुली तिथं राहायच्या. त्या गॅलरीत दिसल्या की मी पाटी अशी पुढं ओढायची की माझं तोंड झाकलं जावं. आय मागून म्हणायची, "नीट चाल, गटारात जाशील." तिला काय कळायचं आणि काय नाही, हे मला त्या वयात ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

त्या कॉलनीतल्या एका मागच्या ओट्यावर मला सुलभाबाई भेटल्या. अमरावतीकडच्या, नवरा वीजकेंद्रात इंजिनिअर, मूलबाळ नव्हतं. आय त्यांच्यासाठी पापलेट निवडत होती आणि त्या एका लाकडी फळीवर कागद चिकटवून ग्रीटिंग रंगवत बसल्या होत्या. दुमडलेल्या जाड कागदावर निळाशार समुद्र, पिवळी वाळू, एक होडी. मी मागं उभी राहून पाहत होते आणि माझ्या तोंडाला तेव्हाही कुलूप नव्हतं.

"बाई, आमच्या समुद्राला असला रंग नाय."

"अस्सं? मग कसला असतो?"

"पेजेसारका."

आयनं मला कोपर मारलं. बाई मात्र हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. त्यांनी ब्रश माझ्यापुढं धरला. "करून दाखव नं मग." मी हात लुगड्याला पुसावा तसा परकराला पुसला आणि त्या निळ्यात चांगला जाडजूड तपकिरी कालवला. दोन मिनिटांत सगळं गटार झालं. "बाप्पा!" बाई म्हणाल्या. "रंग बरोबर ओळखला पोरीनं, पण लावून राहिली शेणासारखा. दर रविवारी पाठवा हिला, मावशी." आय म्हणाली, "वहिनी, तिला काय येनार त्यातलं?" आणि लगेच मला म्हणाली, "येशील काय?" मी हो म्हणायच्या आधीच मान हलवून मोकळी झाले होते.

बाई शिकवायला कडक. पहिले तीन रविवार मला चित्र काढूच दिलं नाही. नुसता वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा हात. कागद पाण्यात भिजवायचा, फळीवर सरळ पसरायचा, कडा डिंकाच्या पट्टीनं चिकटवायच्या, वाळला की ढोलकीच्या पानासारखा ताणला जायचा. मग फळी जराशी तिरकी, भरलेला ब्रश डावीकडून उजवीकडे, खाली जमलेला थेंब पुढच्या ओळीत ओढत न्यायचा, मधे थांबायचं नाही, मागं वळून दुरुस्ती करायची नाही. मी हमखास दुरुस्ती करायची आणि तिथं हमखास डाग पडायचा. "हात लावू नको! वाळू दे!" बाई ओरडायच्या. मग ओल्यात ओला रंग सोडायचा, आभाळासाठी. मग कापडाच्या बोळ्यानं रंग उचलायचा, ढगांसाठी. मग जवळजवळ कोरडा ब्रश खरखरीत कागदावर ओढायचा, की फेसाळ लाट आपोआप उमटते. पेटीत पांढरा रंगच नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, तो कागदाचा असतो, तो आधीपासून राखून ठेवायचा. मला ते पटेना. पेटीत नाही तो रंग वापरायचा कसा? मी रागारागानं ब्रश आपटला तर त्यांनी तो उचलून शांतपणे धुऊन ठेवला आणि त्या दिवशी मला परत दिला नाही. मी रडत घरी आले आणि पुढच्या रविवारी पाऊण तास आधीच जाऊन ओट्यावर बसले.

दोन वाट्या हा त्यांचा नियम. एका वाटीत ब्रश धुवायचा, दुसरीतलं पाणी रंगासाठी, आणि दुसरीत मळका ब्रश बुडाला तर तुमची खैर नाही. कधीकधी त्या वाटीत थेंबभर डिंकाचं पाणी घालायच्या. घरी सरावाला म्हणून मला चार कागद, जुना ब्रश आणि रंगाच्या वड्या दिल्या तेव्हा मी विचारलं, "डिंक घालू काय पान्यात?"

"काही घालू नको. साधं पाणी घे."

"साधंच?"

"हौ, साधं. त्यात काय विचारून राहिली?"

आता सांगा, यात माझं काय चुकलं? त्यांच्याकडे साधं म्हणजे ज्यात काही मिसळलेलं नाही ते. आमच्याकडे साधं म्हणजे बावीचं. मी बावीतून पोहरा ओढला, दोन वाट्या भरल्या आणि बसले.

रंग वाळला तेव्हा मी चकित झाले. आभाळाच्या निळ्यात बारीक बारीक कण उमटले होते, कुठे चांदणीसारखे फुटलेले, आणि कागद तिरका धरला की अंगावर मंद चकाकी. मला वाटलं, ही आपल्या हाताची करामत. एका वॉशमध्ये इतकं काही होतं आणि बाईंना अजून जमत नाही! पुढच्या रविवारी बाईंनी ते कागद खिडकीशी नेऊन पाहिले, चष्मा काढून पाहिले, घालून पाहिले. त्याच वेळी कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई काही कामाला आल्या होत्या, त्यांनीही पाहिले. "अय्या, हे तर विकतच्यासारखं दिसतंय. कुणी केलं?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. अध्यक्षीणबाई माझ्याकडे, माझ्या परकराकडे बघून म्हणाल्या, "मासळीवालीची ना ही?" मग कागद नाकाशी नेला. वास घेतला हो त्यांनी, माझ्यासमोर! वास नव्हता. मग म्हणाल्या, आपल्या आनंदमेळ्याला नवीन वर्षाची साठ ग्रीटिंगं हिच्याकडून घेऊ, पण तुमच्या जबाबदारीवर हं, सुलभाताई. बाई म्हणाल्या, "माझ्या जबाबदारीवर."

त्या गेल्यावर बाईंनी मला समोर बसवलं. हे कसं केलंस, रंग कुठला आधी, कागद किती ओला, एकेक विचारून घेतलं आणि स्वतः तिथंच करून पाहिलं. कण उमटेनात. "पाणी कुठलं घेते घरी? नळाचंच नं?"

आमच्या गावात नळ तेव्हा नुकता आला होता, पण शाळेपर्यंत. आमच्या खाडीकडच्या आळीत नव्हता. एवढंच सांगायचं होतं. पण अध्यक्षीणबाईंनी घेतलेला तो वास अजून माझ्या कानशिलात तापत होता आणि माझ्या तोंडून निघालं, "हो. नळाचंच."

बापूस त्या रात्री जेवून उठताना म्हणाला, "बोंबलाचा हंगाम डोक्यावर आलाय आनि रविवारी ही रंगपंचमी खेळते." आय मधे पडली. म्हणाली, साठ कार्डांचं काम दिलंय, साहेबांच्या बायका घेनार हायत. बापसानं विचार केला. "बरं. तेवडं दिसू दे. लोकांनी घेतली तर जा. नाय घेतली तर रविवारी वलांडीवर." झालं. माझे सगळे रविवार त्या साठ ग्रीटिंगांवर येऊन बसले.

पालघरला स्टेशनबाहेरच्या दुकानातून बाईंनी स्वतः जाड कागद आणून, कापून, दुमडून दिले. घडी कशी घालायची तेही शिकवलं: आधी विणायच्या सुईनं रेघ दाबायची, मग दुमडायचं, म्हणजे कड फाटत नाही. तीन आठवडे मी शाळेतून आले की माळ्याच्या जिन्याखाली फळी मांडून बसायची. मावऱ्याच्या वासाची इतकी धास्ती घेतली होती की आधी तीनदा साबणानं हात, मग कागद. पेजेच्या रंगाचा समुद्र, वर आभाळ, एक बोट, बोटीवर बावटा. आभाळात चांदण्या उमटायच्या आणि मी फुशारून जायची. वाळलं की प्रत्येक ग्रीटिंग जुन्या वहीच्या पानात आणि वीस-वीसचे गठ्ठे करून प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर सुतळी करकचून. वास आत शिरू नये म्हणून. आय येता-जाता डोकावायची. एकदा म्हणाली, "ह्यात बोट परत येते काय जाते?" मी म्हटलं, "कळत नाय काय? जाते." ती म्हणाली, "मग बावटा उलट्या वाऱ्याचा केलायस." मी चिडून तिला जिन्याखालून घालवून दिली आणि मग गुपचूप बावटा फिरवला.

आनंदमेळा रविवारी संध्याकाळी होता. सकाळी आठलाच मी गठ्ठे घेऊन बाईंकडे पोचले. आय नंतर पाटी घेऊन येणार होती. बाईंनी टेबलावर स्वच्छ चादर घातली होती, पाकिटं रचून ठेवली होती. पहिल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पिशवीतून गठ्ठा बाहेर काढला. पिशवीला आतून दव धरलं होतं. गठ्ठा विटेसारखा एकसंध. बाईंनी वरचं ग्रीटिंग उचललं तर त्याच्यासोबत वहीचं पान आलं, पानासोबत खालच्याचं आभाळ आलं. दुसरा गठ्ठा तसाच. तिसरा तसाच. रंगाला पाणी सुटलं होतं, बोटाला चिकट लागत होता, समुद्रावर माझ्याच इतिहासाच्या वहीतली अक्षरं उलटी छापली गेली होती. साठातली चार सुटी निघाली, तीही मळकी.

"ओली असताना बांधली काय गं?"

"नाय बाई. दोन दोन दिवस वाळवली."

"पाणी सांडलं? कुणी हात लावला?"

"नाय."

"मग हा कागदच बदमाश निघाला." बाई उठून येरझाऱ्या घालू लागल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी म्हटलंच होतं, जुना दमट माल गळ्यात मारला त्यानं. आत्ता जाते पालघरला. चांगली हजामत करते त्याची. आणि अध्यक्षीणबाईंना काय सांगू? माझ्या जबाबदारीवर म्हटलं मी!" त्यांनी पर्स घेतली, चपला शोधू लागल्या. मी त्या टेबलाला धरून उभी. आतापर्यंत मला खरंच कळलं नव्हतं. पण बोटाला चिकटलेला रंग मी नकळत ओठाला लावला होता आणि आता हळूहळू ध्यानात येत होतं, आणि जसजसं येत होतं तसतशी माझी जीभ टाळ्याला चिकटत होती. बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या बसणार होत्या आणि मी ते होऊ देणार होते. हे मी आज कुणासाठी गोड करून लिहीत नाही. मी होऊ देणार होते.

तेवढ्यात मागच्या दाराशी आयची पाटी उतरल्याचा आवाज आला. "वहिनी, सरंगा हाय ताजा." मग आमची तोंडं पाहून, "काय जालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. आय ओट्यावरून आत आली नाही. तिनं हात लांब केला, बाईंनी एक चिकटलेलं ग्रीटिंग तिच्या हातात दिलं. तिनं ते वरखाली केलं, अंगठ्यानं चोळलं, अंगठा दुसऱ्या बोटावर घासला. आणि मग तिनं सरळ ते आभाळ जिभेला लावलं. सुकट खारट झालंय का बघायला लावते तसं.

"ह्ये बावीचं पानी," ती म्हणाली. "कागदाचा काय दोस नाय, वहिनी. मीठ हाय ह्यात. बांधून ठेवलं की मिठाला पानी सुटनारच."

"पण ही तर नळाचं पाणी घेते," बाई म्हणाल्या.

"नळ? आमच्या आळीत कुटला नळ?" आय हसली. खरंच हसली, तिला तो विनोद वाटला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

बाईंच्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली आणि त्या ती बंद करायला आत गेल्या, मला वाटतं मुद्दामच जरा जास्त वेळ. मला आयचा इतका राग आला की सांगता सोय नाही. जीभ लावायची काय गरज होती? बोलायची काय गरज होती? बाई बाहेर आल्या त्या माझ्यासमोर बसल्या. "साधं पाणी घे म्हटलं मी. तू साधं घेतलं. त्यात तुझी चूक नाही, मलेच विचारायला पाहिजे होतं. पण नंतर विचारलं तेव्हा खोटं काहून बोलली? सांगितलं असतं तर बाटलीभर पाणी इथून दिलं असतं रोज. मी आत्ता त्या माणसाच्या दुकानात जाऊन तमाशा केला असता!" मी मान खाली घालून रडत होते. "मी नाही शिकवत खोटं बोलणाऱ्याला," त्या म्हणाल्या.

तेव्हा आय बोलली. "वहिनी, ते तुमी मागनं ठरवा. मेळा किती वाजता हाय?"

"सहाला."

"कागद उरलाय?"

उरला होता. नमुन्याला म्हणून जास्तीचा आणलेला. आयनं पाटीवर ओलं गोणपाट टाकलं, ओट्याच्या पायरीवर फतकल मारली आणि मला म्हणाली, "बस. नळाच्या पान्यानं कर."

"आय, तू जा की इकायला."

"मी उटले तर तू पळशील. मला म्हाईत हाय तुजं."

आणि ती बसली. रविवारची सकाळ, कॉलनीतल्या सगळ्या घरांत मासळीची वाट बघणारे लोक, आणि ही त्या पायरीवर, पाटीतला सरंगा उन्हात. बाईंनी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं तर नको म्हणाली, वास लागल तुमच्या दुधाला. बाई कागद ओले करून फळ्यांवर ताणत होत्या, टेबलफॅनपुढं वाळवत होत्या, मी रंगवत होते. एक आभाळ ओलं तोवर दुसऱ्याचा समुद्र. मागं वळून दुरुस्ती करायला वेळच नव्हता, त्यामुळे एकही डाग पडला नाही. मधूनमधून आय माश्या हाकलायची, गोणपाटावर पाणी शिंपडायची. दोनदा कुणी बायका येऊन विचारून गेल्या, तिनं बसल्या जागी कापून दिलं आणि परत माझ्याकडे तोंड करून बसली. दुपारी बाईंनी आम्हा दोघींना भाकरी आणि झुणका दिला. आयनं तो पायरीवरच खाल्ला. माझा हात थरथरायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बोंबील टांगताना नाय थरथरत तो." इतकी चीड आली मला की हात सरळ झाला.

साडेपाचला बत्तीस झाली. साठ काही होणं शक्यच नव्हतं. बाईंनी अध्यक्षीणबाईंना स्वतः सांगितलं, पाण्याचा घोटाळा झाला, बत्तीसच आहेत, चूक माझी. अध्यक्षीणबाईंनी एक हातात घेऊन पाहिलं. "त्या चांदण्या नाही आल्या का यात?" म्हणाल्या, आणि नाक मुरडून ठेवून दिलं. पण लोकांनी घेतली. आठ वाजायच्या आत बत्तीसच्या बत्तीस. शेवटचं एका पोरानं आपल्या आजोबांसाठी घेतलं आणि मी ते पाकिटात घालून देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई निघताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये. खोटं सोडून ये." घरी बापसाला आयनं सांगितलं, घेतली लोकांनी. बाकीचं काही तिनं कधी सांगितलं नाही.

पण घरी पोचायच्या आधी, रस्त्यात, एक झालं. आमची एसटी चुकली होती, चालत निघालो. सरंगा वाया गेला होता, आय म्हणत होती मीठ लावून टाकीन. मग तिनं पाटी डोक्यावरून कमरेवर घेतली आणि विचारलं, "मंदे, नळ हाय म्हनलीस ते कशाला? आपल्या घराची लाज वाटली तुला?"

मी म्हटलं, "नाय."

"माजी?"

"नाय गं आय. काय पन काय बोलतेस?"

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, विषय संपला. मी त्यानंतर बाईंकडे अडीच वर्षं शिकले, दहावीपर्यंत आणि पुढेही सव्वा वर्ष. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवली ती त्या ओट्याच्या जोरावर, आणि अजूनही डिसेंबरात आठ-दहा ग्रीटिंगं हातानं करून नातेवाइकांना पाठवते. त्यांना मोबाइलवर चित्र मिळतं तसंच हे वाटतं. वाटू दे.

बाईंच्या मिस्टरांची बदली झाली तेव्हा सामान बांधायला मी गेले होते. रंगाच्या पेट्या कागदात गुंडाळता गुंडाळता बाई सहज म्हणाल्या, "तुझ्या आईनं आम्हाले मोठा त्रास दिला बरं. आमच्या यांना रविवारी मासळी लागते, आणि तिचा माल सोमवारी. गल्लीतल्या सगळ्या बाया मले बोलायच्या, तुमच्यामुळे ती रविवारी येत नाही म्हणून." मी हातातली पेटी खाली ठेवली. रविवार म्हणजे आयचा सगळ्यात मोठा दिवस. आणि मी अडीच वर्षं दर रविवारी त्या ओट्यावर बसून आभाळं रंगवली होती, समोरून गल्ली सरळ दिसायची, आणि आय या गल्लीत का दिसत नाही हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पडला नव्हता कसा? बरं वाटत होतं मला, म्हणून पडला नव्हता.

"तुम्ही तिला विचारलं नाही का?" मी म्हटलं.

"विचारलं नं. एकदा नाही, चारदा विचारलं. एकच सांगायची. रविवारी नको वहिनी, रविवारी तुमच्याकडं माजी पोर असते."